आलेख सारखाच, मग माझ्याच स्पीकरवर तबला कोंदट का?

पत्र : "नमस्कार. मी नाशिकला राहतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो आणि आयुष्यभर राहून गेलेली हौस म्हणून गाणं ऐकायला स्पीकरची जोडी घेतली. खालच्या सुरांचा साडेसहा इंची वूफर, वरच्या सुरांचा एक इंची ट्विटर, कागदावर ५० ते २०,००० हर्ट्झ अधिक-उणे ३ डेसिबल, ८ ओहम, सेन्सिटिव्हिटी ८५. परवा मेव्हणा त्याची जोडी घेऊन आला, कंपनी वेगळी पण मापं तीच, फक्त सेन्सिटिव्हिटी ८८. माझी शोकेसवर असते, भिंतीला टेकून. त्याची तात्पुरती दोन स्टुलांवर ठेवली, अ‍ॅम्प्लिफायरचा आवाजाचा नॉब होता तसाच ठेवला आणि तीच गाणी लावली. त्याच्या जोडीवर तबला समोर बसून वाजवल्यासारखा, माझ्या जोडीवर कोंदट, डब्यातून आल्यासारखा. मुलगा इंजिनिअर आहे, त्याने दोन्हीचे छापील आलेख, म्हणजे कुठला सूर किती जोरात वाजतो त्याच्या रेघा, शोधून एकावर एक ठेवून दाखवले, जवळजवळ जुळतात. तो म्हणतो बाबा, मनाचे खेळ आहेत. मी म्हणतो माझे कान खोटं बोलत नाहीत. घरात यावरून तणातणी चालू आहे. माझी जोडी विकून टाकू का?"

काका, जोडी विकू नका, निदान या महिन्यात तरी नको. आणि मुलाशी भांडूही नका, कारण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला वाटलं की तुम्ही दोघंही खरं बोलताय, फक्त दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. तुम्ही सांगताय तुमच्या हॉलमध्ये कानावर काय पडलं ते. तो सांगतोय एका माइकला, एका जागी, भिंतींवरून आवाज परत न येणाऱ्या खोलीत काय ऐकू आलं ते.

पत्रात तुम्ही जाता जाता दोन गोष्टी लिहून गेलात आणि माझ्या मते अर्धं कोडं तिथेच सुटतं. एक म्हणजे नॉब तसाच ठेवला. आणि दुसरी, तुमची जोडी शोकेसवर भिंतीला टेकून होती आणि मेव्हण्यांची स्टुलांवर मोकळी होती.

आधी नॉब. सेन्सिटिव्हिटी ८५ आणि ८८ म्हणजे अ‍ॅम्पमधून तेवढाच करंट सोडला तर मेव्हण्यांची जोडी ३ डेसिबल मोठी वाजणार (डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप), आणि ३ डेसिबल म्हणजे तुमच्या जोडीला तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॉट लागणार. आता गंमत अशी की दोन आवाजांत थोडासाच फरक असला ना, तर माणूस 'हा मोठा आहे' असं म्हणत नाही, तो म्हणतो 'हा मोकळा आहे, हा जिवंत आहे, याच्यात तबला समोर बसलाय'. एका डेसिबलच्या फरकानेसुद्धा हे होतं, तुमच्याकडे तर तीन होते. त्यात आपला कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही, आवाज बारीक असला की खर्जाकडचं त्याला कमी ऐकू येतं. हे अमेरिकेतल्या बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून आलेख काढून ठेवलंय. म्हणजे जी जोडी थोडी मोठी वाजली तिचा डग्गा आपोआप भरदार वाटणार आणि जी बारीक वाजली ती बिचारी पोकळ.

म्हणून पहिलं काम हे करा. फोनवर साउंड लेव्हल मीटरचं कुठलंही साधं अ‍ॅप घ्या, पिंक नॉइज लावा, तो पावसाच्या सरीसारखा एकसारखा खळखळता आवाज असतो, फोन तुमच्या बसायच्या जागी उशीवर स्थिर ठेवा आणि दोन्ही जोड्या एकाच आकड्यावर येतील असा नॉब फिरवा, अर्ध्या डेसिबलच्या आत. फोनचा आकडा अगदी बरोबर नसतो, पण इथे दोन आवाजांची तुलनाच करायची आहे, तेवढं काम तो चोख करतो. नॉबवर दोन्ही जागांना पेन्सिलीने खूण करून ठेवा. हे केल्याशिवाय दोन स्पीकरबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी मी ते ऐकून सोडून देते, मग तो कितीही मोठा जाणकार असो.

आता भिंत. हे जरा सविस्तर सांगते, कारण तुमचा कोंदट तबला मला इथेच सापडला.

खालचे सूर, साधारण तीनचारशे हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, खालचे, स्पीकरमधून फक्त पुढे जात नाहीत, बॉक्सला वळसा घालून मागेही जातात, मागच्या भिंतीवर आपटतात आणि परत पुढे येतात. परत येईपर्यंत त्यांना उशीर झालेला असतो. आणि एक विशिष्ट सूर असा असतो की त्याची परतलेली लाट समोरच्या लाटेच्या बरोब्बर उलट पडते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. तो सूर कुठला, तर वूफरपासून भिंतीचं अंतर लाटेच्या लांबीच्या एक चतुर्थांश असेल तो. तुमचा बॉक्स दहा इंच खोल धरला, मागे वायरला दोन इंच, म्हणजे वूफर भिंतीपासून एक फुटावर आला. हिशोब केला तर २८० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. आणि काळी एक या पट्टीला लावलेल्या तबल्याचा सूर किती? साधारण २७७ हर्ट्झ. तुम्ही कुठलं रेकॉर्डिंग लावलं होतं ते लिहिलं नाहीत, पण पुरुष गायक आणि काळी एक ही जोडी इतकी नेहमीची आहे की मला यात फारसं आश्चर्य वाटत नाहीये. तबल्याचा सूर खड्ड्यात गेला की वर उरतो नुसता टकटकाट, आणि खाली भिंतीला टेकवल्यामुळे फुगलेला बास, कारण भिंतीजवळ स्पीकर नेला की अगदी खालचा बास वाढतोच. नाद गेलेला तबला आणि फुगलेला डग्गा, याला आपण मराठीत एकच शब्द वापरतो, कोंदट. बॉक्सला मागून पोर्ट असेल, म्हणजे ते गोल भोक, तर भिंतीला टेकवल्यावर त्याचाही श्वास कोंडतो.

आणि शोकेसचा अजून एक त्रास आहे. शोकेस चार फूट तरी उंच असणार, त्यावर बॉक्स, म्हणजे ट्विटर जवळपास पाच फुटांवर गेला, आणि सोफ्यावर बसलं की कान असतो सव्वातीन फुटांवर. तुम्ही स्पीकरच्या खालून ऐकताय. वूफर आणि ट्विटर एकावर एक बसवलेले असतात, आणि ज्या सुरांना दोघं मिळून वाजतात, म्हणजे क्रॉसओव्हरच्या आसपास, साधारण दोन-तीन हजार हर्ट्झ, तिथे खालून किंवा वरून ऐकलं की दोघांचं अंतर वेगळं पडतं आणि तिथेही खड्डा पडू शकतो. डावीकडे-उजवीकडे सरकलं तर एवढं बिघडत नाही, वर-खाली सरकलं की लगेच बिघडतं. मेव्हण्यांची जोडी स्टुलावर होती, ट्विटर कानाच्या जवळपास उंचीला आला असणार. म्हणजे बघा, आवाज मोठा, भिंतीपासून मोकळी, उंची बरोबर. तिला तिन्ही बाजूंनी झुकतं माप मिळालं होतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझी स्वतःची पहिली चांगली जोडी मी पुण्यातल्या एका दुकानात ऐकून घेतली होती, तिथे गाणं असं काही उलगडत होतं की मी डोळे मिटून पैसे दिले, आणि घरी आल्यावर कपाटावर ठेवली तर आवाजात जीवच नाही. सहा महिने मी त्या दुकानदाराला मनातल्या मनात दोष देत होते की त्याने दाखवला एक माल आणि दिला दुसरा. मग घराला रंग द्यायचा म्हणून सामान मधोमध ओढलं, सहज म्हणून गाणं लावलं, आणि दुकानातला तो आवाज परत आला. त्या दिवशी मी रंगाऱ्याला चहा देऊन दोन तास थांबवून ठेवलं होतं, मला ते सामान परत भिंतीला लावूच द्यायचं नव्हतं.

तर दुसरं काम हे, की अदलाबदल करा. मेव्हण्यांची जोडी शोकेसवर, तुमची स्टुलांवर, आवाज मापून सारखा केलेला, आणि तीच गाणी. बराचसा कोंदटपणा जोडीबरोबर न जाता शोकेसवरच राहील असं मला वाटतं.

पण सगळा फरक जाईल असं मी म्हणणार नाही. कारण खरंच दोन स्पीकर कागदावर सारखे असूनही वेगळे वाजू शकतात, आणि इथे मला तुमच्या मुलाशी थोडं बोलायचं आहे, त्याला हे वाचून दाखवा.

बाळा, तुमच्याकडे घरात गाणं आहे म्हणून तंबोऱ्याचं उदाहरण घेते. मिरजेहून आणलेले दोन तंबोरे घे, दोन्ही एकाच षड्जाला लाव, ट्यूनरचं अ‍ॅप ठेव, दोघांसमोर काटा त्याच जागी उभा राहील. म्हणून दोन तंबोरे सारखे झाले का? एकाची जवारी, म्हणजे घोडीवर तार घासून झणकारते ती घडण, उघडी असेल, दुसऱ्याची बंद, एकातून गंधार आपोआप झिरपेल आणि दुसरा नुसता गुणगुणेल. काटा चुकला नाही, त्याला विचारलंच एवढं होतं की मूळ सूर कुठला. तू ज्या दोन आलेखांची तुलना केलीस तेही असंच एका प्रश्नाचं उत्तर आहे. स्पीकरच्या बरोब्बर समोर, भिंतीच नाहीत अशा जागी, माफक आवाजात, कुठला सूर किती जोरात वाजतो. उत्तर बरोबर आहे, पण तुझे बाबा तिथे बसत नाहीत.

बरं, त्या एका उत्तरातही किती काय दडतं बघ. अधिक-उणे ३ डेसिबल म्हणजे ६ डेसिबलचा पट्टा. एक स्पीकर या पट्ट्यात खालून वर हळूहळू चढत जाऊ शकतो आणि दुसरा वरून खाली उतरत जाऊ शकतो, दोघांच्या खोक्यावर तेच लिहिलेलं असणार, आणि एक कानाला टोचरा लागेल तर दुसरा सुस्त. शिवाय छापलेली रेघ बऱ्याचदा घासूनपुसून गुळगुळीत केलेली असते, म्हणजे शेजारशेजारच्या आकड्यांची सरासरी काढून काढलेली, त्यात बारीक खाचाखोचा दिसतच नाहीत. आणि सगळ्यात फसवं म्हणजे डोळ्याला जे मोठं दिसतं ते कानाला मोठं असेलच असं नाही. सुळक्यासारखा उंच पण अरुंद उंचवटा आलेखात भीतीदायक दिसतो, कानाला तो पुष्कळदा कळतही नाही, कारण नेमका तोच सूर लागल्याशिवाय तो जागा होत नाही. उलट रुंद, बसकी, डेसिबल-दीड डेसिबलची टेकडी आलेखात कुणी बघणारही नाही, पण ती प्रत्येक गाण्यात, प्रत्येक आवाजात सतत ऐकू येते. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९८८ मध्ये हेच तपासून मांडलं होतं. तू दोन रेघा एकावर एक ठेवून 'जवळजवळ जुळतात' म्हणालास ना, त्या 'जवळजवळ'मध्ये एखादी अशी टेकडी असेल तर बाबांना ती रोज ऐकू येत असणार.

आता मुख्य गोष्ट, जी खोक्यावर कधीच लिहिलेली नसते. स्पीकर फक्त समोर आवाज टाकत नाही, सगळीकडे टाकतो. बाजूला जाणारा आवाज भिंतीवरून, वरचा छतावरून, खालचा फरशीवरून उसळून तुमच्या कानाशी येतो, आणि आपल्याकडच्या टाइल्सच्या, काचेच्या खिडक्यांच्या हॉलमध्ये तर तो भरपूर येतो. म्हणजे स्पीकर समोर कसा वाजतो एवढं पुरत नाही, बाजूला कसा वाजतो तेही ऐकू येतंच.

आणि बाजूला दोन स्पीकर फार वेगळे वागतात. तुमच्या दोन्ही जोड्यांत साडेसहा इंची वूफर आहे, त्याच्या शंकूचा हलणारा भाग साधारण १३ सेंटीमीटर. अडीच हजार हर्ट्झच्या सुराची लाट साधारण १४ सेंटीमीटर लांब असते. लाट आणि शंकू अशी बरोबरीला आली की वूफर टॉर्चसारखा वागायला लागतो, समोर झोत आणि बाजूला अंधार. तिथून पुढे सूत्रं ट्विटरकडे जातात, आणि तो तर जेमतेम अडीच सेंटीमीटरचा, तो उघड्या बल्बसारखा चहूकडे उजेड टाकतो. आता एका कंपनीने क्रॉसओव्हर खाली ठेवला, ट्विटरभोवती उथळ परातीसारखा आकार दिला ज्याला वेव्हगाइड म्हणतात, तर टॉर्च आणि बल्ब यांची सांधेजोड सफाईने होते. दुसऱ्या कंपनीने क्रॉसओव्हर वर नेला, ट्विटर नुसता सपाट फळीवर बसवला, तर समोरचा आलेख त्यांनाही सपाट करता येतो, तेवढं तर कुणीही करतं, पण बाजूच्या आवाजात दोन हजारच्या आसपास खड्डा आणि चार हजारच्या आसपास फुगवटा पडतो. समोर बसवलेल्या माइकला यातलं काही कळत नाही. तुमच्या हॉलमधल्या भिंतींना मात्र लगेच कळतं.

यावर नुसत्या गप्पा झालेल्या नाहीत, खूप काम झालंय. हे टूल कॅनडात ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये होते, त्यांनी वर्षानुवर्षं लोकांना पडद्यासमोर बसवून, मागे कुठला स्पीकर वाजतोय ते न दाखवता, आवाज मापून सारखा करून मार्क द्यायला लावले, आणि १९८५-८६ मध्ये ते निबंध छापले. त्यात दिसलं ते मला आजही फार धीर देतं. सांगायचं तर, डोळ्यांआड बसवलं की लोकांची आवड बऱ्यापैकी एक होते, आणि ज्या स्पीकरचा आवाज समोर सपाट आणि बाजूलाही तसाच सलग, खाचखळगे न घेता उतरत जाणारा असतो तोच वर येतो. पुढे १९९१ मध्ये टूल हर्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत गेले, नंतर ऑलिव्हही तिथे आले, आणि तिथे त्यांनी स्पीकर दर १० अंशांवर वळवत आडव्या आणि उभ्या वर्तुळात मोजायची पद्धत पक्की केली, एका स्पीकरची ७० मापं. त्याला स्पिनोरामा म्हणतात आणि आता ते अमेरिकेत सीटीए-२०३४ या नावाचं स्टँडर्डच आहे. २००४ मध्ये ऑलिव्ह यांनी ७० वेगवेगळे स्पीकर घेऊन नुसत्या मापांवरून लोक किती मार्क देतील याचा अंदाज बांधून बघितला, आणि अंदाज आणि प्रत्यक्ष मार्क यांचा मेळ ०.८६ आला, जिथे १ म्हणजे तंतोतंत. यात सोफ्यावर काय ऐकू येईल याचा अंदाज काढतात तेव्हा समोरच्या आवाजाला वजन फक्त १२ टक्के, पहिल्या फटक्यात उसळून येणाऱ्या आवाजाला ४४ आणि चहूकडे सुटणाऱ्या एकूण आवाजाला ४४.

बारा टक्के, बाळा. तू तेवढ्याचीच तुलना केलीस.

पण यात तुझीही बाजू आहे आणि ती मी मनापासून मांडते. मापांवर विश्वास ठेवणं बरोबरच आहे. 'कान सांगतो ते माप सांगूच शकत नाही' असं म्हणणारे लोक भेटतात आणि मग पुढच्याच वाक्यात तीस हजाराची वायर विकतात, त्यांच्या नादाला तुम्ही बापलेक दोघंही लागू नका. माप कमी पडलेलं नाही, आपण अपुरं माप बघितलं. त्या दोन मॉडेलांचे कोनाकोनांचे आलेख कुणी मोजून ठेवलेत का ते शोध, आणि मग एकावर एक ठेवून बघ.

आलेखात न दिसणारं अजून एक आहे, काका, ते म्हणजे जोर. ही मापं माफक आवाजात घेतात. पखवाजाची थाप किंवा जोरकस डग्गा आला की वूफरला खूप पुढे-मागे हलावं लागतं, आणि हिशोब असा निर्दयी आहे की सूर निम्म्याने खाली गेला तर तेवढ्याच आवाजासाठी शंकूला चौपट हलावं लागतं. छोट्या वूफरची हद्द तिथे संपते, त्या हद्दीजवळ एक शांतपणे निभावतो आणि दुसरा गुरगुरतो. शंकू हलवणारी तांब्याच्या तारेची कॉइलही तापते, तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा रेझिस्टन्स साधारण ४० टक्के वाढतो आणि स्पीकर दबतो. तुम्ही हॉलमध्ये संध्याकाळी माफक आवाजात ऐकत असाल तर हे सोडून द्या. ८ ओहमचंही, म्हणजे स्पीकरच्या विद्युतरोधाचंही, तसंच, तो आकडा नावापुरता, काही स्पीकर मध्येच ३-४ ओहमपर्यंत खाली उतरतात, साध्या चांगल्या अ‍ॅम्पला फरक पडत नाही, जुना व्हॉल्ववाला असेल तर पडतो, तसं असेल तर कळवा.

आता मनाचे खेळ. मुलगा त्याबाबतीतही अगदीच चुकीचा नाही. १९९४ मध्ये टूल आणि ऑलिव्ह यांनी ४० जणांना तेच चार स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा उघडे ठेवून ऐकवले. स्पीकर दिसत होते तेव्हा मार्क बदलले, मोठा, महाग दिसणारा, ओळखीच्या नावाचा स्पीकर वर गेला, आणि गंमत म्हणजे स्पीकरची जागा बदलल्यावर आवाजात जो खरा फरक पडतो तोही लोकांना उघड्या डोळ्यांनी कमी जाणवला. म्हणजे डोळे उघडे असले की नसलेलं ऐकू येतं आणि असलेलं निसटतं. हे तुम्हाला, मला, सगळ्यांना होतं, यात कमीपणा नाही.

म्हणून तिसरं काम, आणि हे तुम्ही दोघांनी मिळून करा. जोडी-जोडी अशी तुलना करू नका, एकेक स्पीकर घ्या, मोनो. एकट्या स्पीकरमध्ये दोष जास्त उघडे पडतात, स्टिरिओच्या पसाऱ्यात ते झाकले जातात, हेही टूल यांनीच दाखवलेलं आहे. तुमचा एक आणि मेव्हण्यांचा एक असे दोन स्टुलांवर शेजारी शेजारी, भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे, ट्विटर कानाच्या उंचीला. एक अ‍ॅम्पच्या डाव्या बाजूला, दुसरा उजव्या बाजूला, म्हणजे बॅलन्सचा नॉब या टोकाहून त्या टोकाला फिरवला की स्पीकर बदलला. गाणी जुनी घ्या, आकाशवाणीची किंवा तबकड्यांची, ती मुळातच मोनो असतात. पुढे पातळ सुती ओढणी टांगा, जाड चादर नको, ती वरचे सूर खाते. मुलाने मागे बसून नाणं उडवून ठरवायचं कुठला लावायचा, आवाजाची खूण सांभाळायची, तोंडाने काही बोलायचं नाही. तुम्ही कागदावर नुसतं अ किंवा ब आणि दोन शब्द लिहायचे. वीस-पंचवीस सेकंदांचा तोच तुकडा, दहा-बारा वेळा. मग दोन्ही स्पीकरच्या जागा आपसात बदलून परत दहा-बारा वेळा, कारण एका स्टुलाची जागा दुसऱ्यापेक्षा चांगली असू शकते. मग मुलाने ऐकायला बसायचं आणि तुम्ही नाणं उडवायचं.

ऐकायला तबला घ्याच, त्याच्यासारखा परीक्षक नाही. शाई लावलेल्या पुडीचे वरचे सूर मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे शिस्तीत बसतात म्हणून तबल्याला सूर असतो, साध्या ढोलाला तो तसा नसतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच मांडलं होतं. एखाद्या स्पीकरने मधलाच एखादा सूर उचलला किंवा दाबला तर ती शिस्त मोडते आणि ओळखीच्या कानाला लगेच खटकतं. त्याशिवाय एक तंबोरा, एक बाईचा आवाज, आणि एक साधं बोलणं, बातम्या चालतील. माणूस बोलताना कसा ऐकू येतो हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे, नाक चोंदल्यासारखा आवाज आला तर तिथे चूक पकडता येते.

एवढं करूनही तुमचा कागद सारखा मेव्हण्यांच्या स्पीकरकडेच बोट दाखवत असेल तर मात्र फरक खरा आहे आणि तो तुमच्या जोडीतच आहे. तेव्हा विकायचा विचार करा, आणि नवी घेताना दुकानदाराला बाजूच्या कोनांचे आलेख मागा, वाजवून बघताना उठून खोलीत फिरा, दारात उभं राहून ऐका, स्वयंपाकघरातून ऐका. सलग पसरणारा स्पीकर शेजारच्या खोलीतूनही माणसासारखाच ऐकू येतो.

फरक मावळला तर तुमची जोडी ठेवा आणि खर्च स्टँडवर करा. सुताराकडून दोन भक्कम लाकडी स्टँड करून घ्या, ट्विटर सव्वातीन फुटांवर येईल असे, भिंतीपासून वूफर दोन फूट तरी पुढे. दोन फुटांवर तो खड्डा १४० हर्ट्झच्या आसपास सरकतो, तिथे पुन्हा काळी एकच्या गायकाचा षड्ज आहे, म्हणून बरोब्बर दोन फूट न ठेवता तीनकडे न्या, जागा असेल तर. घरातल्यांची वाट अडत असेल तर ऐकताना पुढे ओढा, नंतर मागे ढकला, स्टँडला खाली जाड फेल्ट लावलं की फरशीवर सरकतात. मधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडक्यांना जाड पडदे. हॉलमध्ये उभं राहून एक टाळी वाजवा, मागून 'टणणण' असं आलं तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींपैकी एकीवर पुस्तकांचं कपाट न्या.

बासचं अजून एक, तुमच्या हॉलचं माप कळवलं नाहीत पण दहा फूट रुंद आणि छतही दहा फूट असेल, आपल्याकडे बऱ्याच घरांत असतंच, तर ५६ हर्ट्झच्या आसपास दोन्ही दिशांनी एकाच सुराला घुमारा येतो आणि तो कुठलाही स्पीकर आणला तरी येणारच. खाली दोनशे-अडीचशे हर्ट्झपर्यंत स्पीकरपेक्षा खोलीचंच राज्य चालतं. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर दीड-दोन फूट पुढे घ्या, घुमणं तेवढ्याने बरंच उतरतं.

मेव्हण्यांची जोडी अजून आठवडाभर ठेवून घ्या, परत देण्याची घाई करू नका. आणि सुरुवात कशी करा सांगू, परवा जे तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं होतं तेच लावा, तुमच्या संवादिनीवर किंवा फोनवर त्याची पट्टी काढा, आणि टेप घेऊन शोकेसवरच्या वूफरपासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. पट्टी आणि अंतर, हे दोन आकडे मला कळवा, मुलाच्या नाण्याच्या कागदासकट.